लिनक्सच्या लॅपटॉपवर फोरस्कॅन: व्हर्च्युअलबॉक्समधून गाडीची तपासणी

फोर्ड आणि माझदाच्या गाड्या तपासणारे फोरस्कॅन हे सॉफ्टवेअर मूळचे विंडोजचे असल्यामुळे मी ते लिनक्सवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक चालवणारे सॉफ्टवेअर) विंडोज टाकून वापरतो, आणि कोकणात इकोस्पोर्ट किंवा फिगो बाळगणाऱ्या कोणालाही हा खटाटोप बिनदिक्कत सुचवेन.

खरा अडसर यूएसबीचा. आपले खाते ‘व्हीबॉक्सयूजर्स’ या गटात नसेल, तर आतल्या विंडोजला अडॅप्टर (गाडीचे तपासणी-सॉकेट लॅपटॉपच्या यूएसबीला जोडणारे उपकरण) दिसतच नाही. आणि त्यात एफटीडीआय कंपनीची चिप असल्यास विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टचा लेटन्सी टायमर (माहिती पुढे पाठवण्याआधी थांबण्याचा वेळ) मूळच्या १६ मिलिसेकंदांवरून १ वर आणावा, म्हणजे आकडे अडखळत येत नाहीत. एवढे जमल्यावर, रत्नागिरीत भाट्याच्या खाऱ्या वाऱ्यात उभ्या राहणाऱ्या गाडीचा एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा का लागतो, हे चटकन उमगले. चारही चाकांच्या वेगाचे आलेख एकत्र लावून शेजाऱ्याला गाडी सावकाश चालवायला सांगितली, तेव्हा मागच्या डाव्या चाकाची रेषा मधेच शून्यावर कोसळत होती. त्या सेन्सरच्या कनेक्टरात हिरवा कळंक धरला होता. (खाडीकाठच्या मेकॅनिकला याचे नवल वाटत नाही.)

दरवाजे-काचांसारख्या भागांची मॉड्यूल (नियंत्रक पेट्या) १२५ केबीपीएसच्या वेगळ्या, मध्यम वेगाच्या (एमएस) वाहिनीवर असतात, त्यामुळे ती आणि वेगवान (एचएस) वाहिनी या दोन्हींवर जाऊ शकणाराच अडॅप्टर घ्यावा. मॉड्यूलचे फर्मवेअर (त्याच्या आतले मूळ सॉफ्टवेअर) मात्र या मार्गाने कधीही बदलू नये; मधेच यूएसबीची जोडणी तुटल्यास मॉड्यूल निकामी होऊ शकते, म्हणून त्या कामाला थेट विंडोजचा लॅपटॉप आणि गाडीच्या बॅटरीला चार्जर हवाच.