नाताळच्या दिवशी बस धावावी का? लंडन, बर्लिन, एडिंबरा आणि आपली मुक्कामी एसटी

गेल्या आठवड्यात पश्चिम लंडनमधल्या आमच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक अर्ज फिरत आला. मागणी एका ओळीची: २५ डिसेंबरलाही लंडनची सगळी सार्वजनिक वाहतूक सुरू ठेवा. खाली सह्यांसाठी लिंक. तासाभरात ग्रुपमध्ये दोन तट पडले. एकीकडे ‘एवढं मोठं शहर आणि दिवसभर कुलूप?’ म्हणणारे, दुसरीकडे ‘ड्रायव्हरलाही घरदार आहे’ म्हणणारे. सही करू की नको, असं तिघींनी मला फोन करून विचारलं. मी नर्स आहे, आणि नाताळची ड्युटी आजवर तीनदा माझ्या वाट्याला आली आहे. फोनवर मला नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

इथे बंद म्हणजे किती बंद, हे नव्याने आलेल्यांना खरं वाटत नाही. २४ तारखेच्या संध्याकाळपासून गाड्या आवरत्या घेतल्या जातात. २५ ला ट्यूब (भुयारी रेल्वे) नाही, बस नाही, ट्राम नाही, डीएलआर, ओव्हरग्राउंड, एलिझाबेथ लाइन या शहरातल्या इतर रेल्वे, काहीच नाही. देशभरातली रेल्वेही जवळपास सगळी थांबलेली. २६ ला, म्हणजे बॉक्सिंग डेला, ट्यूब आणि बस सुट्टीच्या वेळापत्रकाने निघतात, पण लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या त्या दिवशीही नसतात. आणि हे सगळं अगदी पूर्वापार चालत आलेलं आहे असंही नाही. १९६० च्या दशकापर्यंत ब्रिटनमध्ये नाताळच्या दिवशी रेल्वे धावायची. इंग्लंडमधल्या फुटबॉल लीगच्या सामन्यांची पूर्ण फेरी २५ डिसेंबरला खेळली जायची, ती शेवटची १९५७ साली. म्हणजे आजचे आजी-आजोबा लहानपणी नाताळच्या दिवशी गाडीत बसून सामन्याला गेलेले आहेत.

माझ्या पहिल्या नाताळला मला यातलं काही ठाऊक नव्हतं. आदल्या रात्री फोनवर बसची वेळ बघायला गेले तेव्हा कळलं. ड्युटी साडेसातची. टॅक्सीचं अ‍ॅप उघडलं तर भाडं नेहमीच्या दुपटीहून जास्त, आणि गाडी मिळेल याची खात्रीही नाही. सकाळी सहाला घराबाहेर पडले. डिसेंबरअखेरीस लंडनमध्ये आठ वाजल्यानंतर सूर्य उगवतो, त्यामुळे सगळा अंधारच. अक्सब्रिज रोडवर एरवी २०७ नंबरच्या बसची अशी रांग असते की एक चुकली तर मागची दिसते. त्या दिवशी त्या सरळ लांबलचक रस्त्यावर सिग्नल हिरव्याचे लाल होत होते आणि खालून जायला कोणी नव्हतं. अर्धं अंतर गेल्यावर पलीकडच्या फुटपाथवरून माझ्याच वेगाने चालणारा एक माणूस दिसला. जॅकेटखाली केअर होमचा निळा सदरा. दहा-पंधरा मिनिटं आम्ही दोघं दोन बाजूंनी चालत होतो. मग तो रस्ता ओलांडून आला. केरळचा होता. तो पहाटे पाचपासून चालत होता. त्याच्या पाठीवरच्या बॅगेत दोन डबे होते, एक दुपारचा आणि एक रात्रीचा, कारण त्या दिवशी उघडं दुकान मिळेल याचा भरवसा नाही. मला पाच किलोमीटरला तास-सव्वा तास लागला. संध्याकाळी आठला, बारा तास उभं राहिल्यावर, तेवढंच परत.

त्यामुळे माझं मत ‘बस हवीच’ असंच असेल, हे गृहीत धरून त्या तिघींनी फोन केला होता. पण माझे अण्णा, म्हणजे वडील, एसटीत चालक होते.

पूर्ण सुरू

सगळं सुरू ठेवणारी शहरं भरपूर आहेत. न्यूयॉर्कची सबवे नाताळला रविवारच्या वेळापत्रकाने धावते. पॅरिसची मेट्रो धावते. मेलबर्नला तर नाताळच्या दिवशी ट्रेन, ट्राम, बस फुकट असतात. मला सगळ्यात बोलकं उदाहरण बर्लिनचं वाटतं. जर्मनीत २५ आणि २६ दोन्ही दिवस दुकानं बंद, सण आपल्या दिवाळीइतका घरगुती, चोवीसच्या संध्याकाळी रस्ते ओस. तरीही रेल्वे आणि यू-बान (तिथली मेट्रो) रविवारसारख्या चालू. लेकरानं आईवडिलांकडे जेवायला जायचं तर जायचं कसं, याचं उत्तर त्यांनी गाडी चालू ठेवून दिलं आहे. आपली मुंबईची लोकलही तशीच: लक्ष्मीपूजनाला रविवारचं वेळापत्रक, आणि सणासुदीला बहुधा मेगाब्लॉकही रद्द.

मग लंडनला काय अडचण? माणसांची. एक बस रस्त्यावर यायला चालक, डेपोतले दोन-चार लोक आणि नियंत्रण कक्ष लागतो. ट्यूबची एक लाइन सुरू करायची तर चालकांखेरीज सिग्नलवाले, वीजपुरवठा सांभाळणारे, नियंत्रक, सफाईवाले, आणि प्रत्येक भुयारी स्टेशनवर ठरलेल्या संख्येचे कर्मचारी लागतात. ही संख्या कोणाच्या मर्जीवर नाही. नोव्हेंबर १९८७ मध्ये किंग्ज क्रॉस स्टेशनला आग लागून ३१ माणसं गेली, त्यानंतर आलेल्या नियमांमुळे किमान माणसं नसतील तर भुयारी स्टेशन उघडताच येत नाही. म्हणजे माझ्यासारख्या काही हजारांच्या सोयीसाठी दुसऱ्या काही हजारांची सुट्टी जाणार.

आणि सुट्टी सक्तीने गेली की काय होतं, तेही इथे होऊन गेलं आहे. बॉक्सिंग डेच्या ड्युटीला तिप्पट पगार आणि बदली सुट्टी मिळावी या मागणीसाठी २०१०, २०११ आणि २०१२ अशी सलग तीन वर्षं ट्यूबचालकांच्या अ‍ॅस्लेफ संघटनेने २६ डिसेंबरला संप केला. आपल्याकडे ऑक्टोबर २०१७ मध्ये ऐन दिवाळीत एसटीचा संप झाला, तेव्हा स्टँडवर बोचकी घेऊन बसलेली कुटुंबं आपण टीव्हीवर पाहिली आहेत. सणाच्या दिवसाचं वेळापत्रक कागदावर छापणं सोपं असतं. ते धावणार की नाही हे चालकाशी आधी काय ठरलं आहे त्यावर असतं.

पूर्ण बंद

बंदच्या बाजूने सगळ्यात भक्कम मुद्दा सणाचा नाही, रुळांचा आहे. एरवी दुरुस्तीला रात्रीचे चार-पाच तास मिळतात. पूल बदलायचा, जंक्शनचे रूळ उखडून नवे टाकायचे, तर सलग दोन-तीन दिवस लागतात, आणि वर्षात प्रवासी सगळ्यात कमी असतात ते याच दिवसांत. पश्चिम लंडनकरांना २०२४ चा डिसेंबर आठवत असेल: ओल्ड ओक कॉमनच्या नव्या स्टेशनच्या कामासाठी २७ ते २९ पॅडिंग्टन स्टेशन बंद होतं. नाताळचे दोन दिवस आधीच बंद असल्यामुळे अशी कामं त्यांना जोडून घेता येतात. यात जोखीमही आहे. २०१४ साली काम लांबलं, २७ डिसेंबरला किंग्ज क्रॉस उघडलंच नाही, सगळे प्रवासी फिन्सबरी पार्कसारख्या छोट्या स्टेशनकडे वळवले आणि तिथे गर्दी आवरेना. तरीही, हे काम नाताळात नाही तर मग रविवारी-रविवारी तुकड्यांत करायचं, हा पर्याय मला बरा वाटत नाही. मेगाब्लॉकात वर्षानुवर्षं अडकलेल्या मुंबईकराला हे वेगळं समजावून सांगायला नको.

दुसरा मुद्दा अण्णांचा. अण्णांकडे मुक्कामी गाडी असायची. तालुक्याहून संध्याकाळी निघायची, डोंगराकडेच्या गावात रात्री थांबायची आणि पहाटे पहिली फेरी घेऊन परत. निदान दोन दिवाळ्या तरी लक्ष्मीपूजनाला ते घरी नव्हते. पाडव्याला दहाच्या सुमारास यायचे ते खाकीतच, आणि हातात वर्तमानपत्रात बांधलेल्या पुड्या. पाच घरचा चिवडा, पाच वेगळ्या चवींचा. गावातल्या बायका देवळाच्या ओसरीवर चालक-वाहकांना ताट आणून द्यायच्या. ‘गाडी आली म्हणून पोरं आली दिवाळीला,’ असं एका आजींनी म्हटल्याचं ते आयुष्यभर सांगत राहिले. त्यांना त्या ड्युटीचा अभिमान होता. आईला मात्र पूजा उरकून दोन मुलांना घेऊन जेवायला बसताना काय वाटायचं, ते मी पाहिलेलं आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि ‘सगळं सुरू करा’ या एका ओळीत आई कुठेच नाही.

ग्रुपवर एकाने लिहिलं, की निम्मे चालक हिंदू, मुसलमान, शीख आहेत, त्यांना कुठे नाताळ असतो, त्यांना लावा ड्युटी. हे मला पटत नाही, आणि मी ते तिथे लिहिलंही. साउथॉलमधल्या बसचालकाची मुलं ख्रिस्ती नसली तरी त्या दिवशी घरीच असतात. शिफ्टमध्ये राबणाऱ्या घरात नवरा, बायको, भाऊ, भावजय सगळे एका वेळी ताटावर बसतील असा वर्षातला हा एकच दिवस. धर्म बघून ड्युटी लावायला लागलो तर उद्या आपल्या दिवाळीची रजा मागताना कोणत्या तोंडाने मागायची?

पण बंदचा भार कोणावर पडतो, हेही बघायला हवं. ज्याच्याकडे मोटार आहे त्याला त्या दिवशी यूलेझचं (जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवरचं) शुल्क नाही, आणि मध्य लंडनचं कंजेशन (गर्दीच्या भागात गाडी नेण्याचं) शुल्क २५ पासून १ जानेवारीपर्यंत माफ. काळ्या टॅक्सीला मात्र २४ च्या रात्री आठपासून २७ च्या सकाळी सहापर्यंत वर चार पौंड. म्हणजे मोटार नसलेल्याचाच खर्च वाढतो. मोठ्या दुकानांना इंग्लंड-वेल्समध्ये २००४ च्या कायद्याने २५ ला बंदी आहे, त्यामुळे दुकानातल्या मुलींना निदान सुट्टी असते. त्या दिवशी कामावर जाणारे उरतात ते वॉर्डातले, केअर होममधले, विमानतळावरचे आणि हॉटेलांच्या स्वयंपाकघरांतले. कमी पगाराची, मोटार नसलेली माणसं यातच जास्त.

थोडं सुरू

एडिंबराला लोथियन या तिथल्या बसकंपनीच्या बस नाताळच्या दिवशी धावतात, सगळ्या नाहीत, मोजक्या मुख्य मार्गांवर आणि मोजका वेळ. लंडनमध्येही विमानतळाकडे जाणाऱ्या नॅशनल एक्स्प्रेसच्या काही कोच त्या दिवशी निघतातच. म्हणजे रस्त्यावरची गाडी चालवायला काहीच आडकाठी नाही, आणि चालवल्यावर सणही बुडत नाही.

मी सही करेन ती अशा अर्जावर. रेल्वे आणि ट्यूब २५ ला बंदच राहू द्या, रुळांना आणि माणसांना तो दिवस हवा आहे. बस मात्र सुरू करा, तीही सगळीकडे नको. मोठ्या रुग्णालयांवरून जाणारे पंधरा-वीस लांब मार्ग, सकाळी सहा ते नऊ आणि रात्री सात ते दहा. आमच्या शिफ्ट त्या वेळी बदलतात. मधल्या वेळेत तासाला एक असली तरी चालेल. चालक स्वेच्छेने आलेले, तिप्पट पगार आणि बदली सुट्टी लेखी ठरलेली, आणि नाही म्हणणाऱ्याला कारण विचारायचं नाही. पुरेसे चालक मिळाले नाहीत तर मार्ग कमी करावेत, सक्ती करू नये. खर्चाचा प्रश्न येईल. तो एका दिवसाच्या मोटार-माफीतून निघेल असं मी म्हणत नाही, पण ती माफी आणि ही बस एका टेबलावर ठेवून मोजायला काय हरकत आहे?

२६ तारखेची गोष्ट वेगळी. त्या दिवशी दुकानांत सेल असतो, फुटबॉल असतो, नातेवाईकांकडे जाणं असतं. त्या दिवशी सगळी रेल्वे थांबवण्यात मला अर्थ दिसत नाही. जिथे दुरुस्ती नाही तिथे गाडी सोडावी.

तुम्ही फिरायला येणारे असाल, तर मत बनवत बसू नका, मुक्काम बदला. २५ ला हीथ्रोवर उतरू नका. उतरणारच असाल तर कोचचं आरक्षण आधी करून ठेवा, आणि हॉटेल अशा जागी घ्या की जिथून चालत फिरता येईल.

अर्ज लिहिणाऱ्या मुलाला मी हे सगळं कळवलं. ‘सगळी वाहतूक’ हे शब्द काढ आणि ‘रुग्णालयांवरून जाणाऱ्या बस, स्वेच्छेने येणाऱ्या चालकांसह’ असं लिही, म्हणजे सही करते. तो म्हणाला, ‘काकू, एवढं लांब कोण वाचणार?’ अजून बदललेलं नाही, म्हणून अजून माझी सही नाही. यंदाचा रोटा (ड्युटीचा तक्ता) आला आहे, २५ ला माझा लाँग डे (बारा तासांची ड्युटी) आहे. वॉर्डातली एक मैत्रीण हेझहून मोटारने येणार आहे. तिच्या गाडीत चार जागा आहेत, आणि तिला विचारणाऱ्या आम्ही सात जणी.