डॉक्टर आणि कायरोप्रॅक्टर यांची भागीदारी: कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, न्यूयॉर्क आणि फ्लोरिडा

अमेरिकेत एमडी डॉक्टर आणि कायरोप्रॅक्टर (मणका आणि सांध्यांवर हातांनी उपचार करणारा, एमडी नसलेला परवानाधारक) यांनी मिळून पाठदुखीचं क्लिनिक काढायचं ठरवलं, की जागा आणि मशिनांच्या आधी राज्याचा कायदा बघावा लागतो. 1980 पर्यंत अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या आचारसंहितेनुसार कायरोप्रॅक्टरशी व्यावसायिक संबंध ठेवणंच गैर होतं. 1987 साली कायरोप्रॅक्टरांनी असोसिएशनवर भरलेल्या विल्क खटल्यात फेडरल कोर्टाने तो बहिष्कार मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग ठरवला. एकत्र काम करण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली, पण एकत्र मालकीचं काय, हे आजही प्रत्येक राज्य आपल्यापुरतं ठरवतं.

कॅलिफोर्नियाचं उत्तर सगळ्यात स्वच्छ आहे. 1968 च्या मॉस्कोनी-नॉक्स कायद्याच्या चौकटीत मेडिकल कॉर्पोरेशनचे किमान 51 टक्के शेअर डॉक्टरांकडे हवेत. उरलेल्या 49 टक्क्यांत कायरोप्रॅक्टर भागीदार होऊ शकतो. लोक इथेच वाचायचं थांबतात, आणि पुढची अट निसटते: डॉक्टर नसलेल्या भागीदारांची संख्या डॉक्टर भागीदारांपेक्षा जास्त चालत नाही. म्हणजे एक डॉक्टर आणि एक कायरोप्रॅक्टर ठीक. एका डॉक्टरकडे 60 टक्के आणि दोन कायरोप्रॅक्टरांकडे 20-20, हे मात्र बेकायदा. शिवाय एलएलसी (मर्यादित दायित्वाची कंपनी) काढून हा व्यवसाय करता येत नाही, कॉर्पोरेशनच लागतं. पुढे तिसरा भागीदार घ्यायचा विचार असेल, तर ही संख्येची अट करारातच लिहून ठेवा.

आपली बरीच मराठी मंडळी न्यू जर्सीत आहेत, म्हणून तिथे जरा थांबतो. तिथला नियम सांगतो की मर्यादित परवान्याचा माणूस, म्हणजे कायरोप्रॅक्टरसारखा, पूर्ण परवान्याच्या डॉक्टरला नोकरीवर ठेवू शकत नाही. त्यावर पळवाट म्हणून एक नमुना विकला गेला. कागदावर मेडिकल प्रॅक्टिसचा मालक डॉक्टर, आणि जागा, यंत्रं, कर्मचारी पुरवणारी मॅनेजमेंट कंपनी कायरोप्रॅक्टरची. डॉक्टरकडून तारीख न घातलेला राजीनामा आधीच सही करून घ्यायचा, म्हणजे त्याला हवं तेव्हा बाजूला काढता येईल. ऑलस्टेट विमा कंपनीने खटला भरला. 2017 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने विमा फसवणूक प्रतिबंधक कायद्याखाली जबाबदारी निश्चित केली, आणि तीही असा नमुना सुचवणाऱ्या सल्लागार कायरोप्रॅक्टरवर आणि वकिलावर. हा निकाल प्रत्येक इच्छुकाने वाचावा असं मला मनापासून वाटतं. ‘सगळे असंच करतात’ असं सांगत कुणी तयार मसुदा पुढे केला, तर तो घेऊ नका. टक्केवारी कागदावर कितीही बरोबर असो. भागीदाराला कोण काढू शकतं, बँक खात्यावर कुणाची सही चालते आणि नफा शेवटी कुठे जातो, हे कोर्ट बघतं.

न्यूयॉर्क याहून कडक. वैद्यकीय कंपनीचे मालक डॉक्टरच, हा तिथला वर्षानुवर्षांचा नियम. तो सैल करण्याची विधेयकं पुन्हा पुन्हा मांडली गेली आहेत, तेव्हा सही करण्याआधी चालू कलम वकिलाकडून तपासून घ्या. 2005 च्या मलेला निकालाने विमा कंपन्यांना मोठं हत्यार दिलं: मालकी बनावट असेल, तर उपचार खरे असले तरी नो-फॉल्ट विम्याचे (चूक कुणाचीही असो, अपघातानंतरच्या उपचारांचा खर्च देणाऱ्या वाहन विम्याचे) क्लेम नाकारता येतात. जागेचं भाडं किंवा मॅनेजमेंटची फी उत्पन्नाच्या टक्केवारीत ठेवणंही तिथे फी वाटून घेणं ठरतं, म्हणजे आपल्याकडची कट प्रॅक्टिसच. त्यामुळे तिथे दोन वेगळ्या प्रॅक्टिस, एक छप्पर आणि बाजारभावाने ठरलेलं भाडं, हाच मार्ग मी सुचवेन.

फ्लोरिडा सर्वांत सैल वाटतं. 2003 च्या हेल्थ केअर क्लिनिक कायद्यानुसार सगळे मालक परवानाधारक असतील आणि त्यांतला एक जण कामकाजाची कायदेशीर जबाबदारी घेत असेल, तर क्लिनिकचा वेगळा परवाना लागत नाही. 51 टक्क्यांची अट नाही. मात्र कायरोप्रॅक्टर आपल्या परवान्याबाहेरच्या उपचारांवर देखरेख करू शकत नाही. आणि कार अपघाताच्या पीआयपी (पर्सनल इंज्युरी प्रोटेक्शन) विम्याचे पैसे घ्यायचे असतील, तर 2012 च्या दुरुस्तीने परवान्यातून सवलत मिळणाऱ्यांची यादी आखूड केली आहे. पूर्णपणे डॉक्टरच्या किंवा पूर्णपणे कायरोप्रॅक्टरच्या मालकीची संस्था त्यात आहे, दोघांच्या मिश्र मालकीचा उल्लेख नाही. अशा भागीदारीने परवाना काढून मेडिकल डायरेक्टर नेमलेलाच बरा.

मेडिकेअरचे (मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचे) रुग्ण घेणार असाल, तर चारही राज्यांत आणखी एक गोष्ट लागू होते. स्वतःचा आर्थिक संबंध असलेल्या ठिकाणी असे रुग्ण पाठवायला मनाई करणाऱ्या स्टार्क कायद्यात कायरोप्रॅक्टरही ‘फिजिशियन’ धरला जातो. आपल्याच क्लिनिकमध्ये एक्स-रेला किंवा फिजिओथेरपीला रुग्ण पाठवताना त्या कायद्यातली कोणती सूट तुम्हाला लागू पडते, हे वकिलाकडून लेखी घ्या, आणि नफावाटणीचा तक्ता त्यानंतर बनवा.