कलर ग्रीन: घरात ध्वनिमुद्रित झालेली गाणी

‘कलर ग्रीन’ या ध्वनिमुद्रिकेची ओळख करून घ्यावी ती ‘टुनाइट’ या पहिल्याच गाण्यापासून. कामावरून घरी आलेल्या बाईला स्वयंपाकघरात तो अनपेक्षितपणे बसलेला दिसतो, पावाला लोणी लावत, मांडीवर मांजर घेऊन. प्रसंग एवढाच, पण तो ज्या सावकाशीने सांगितला जातो त्यातून तिच्या मनावरचे ओझे न बोलताच कळते.

जर्मन गायिका सिबिले बायर यांनी ही गाणी १९७० ते १९७३ या काळात घरच्या घरी रीळ टेपवर ध्वनिमुद्रित केली आणि त्यानंतर तीसेक वर्षे ती घराबाहेर पडली नाहीत. पुढे त्यांच्या मुलाने कुटुंबीयांसाठी त्यांची सीडी तयार केली. तिची एक प्रत ‘डायनासोर ज्युनिअर’ या बँडचे जे मॅस्किस यांच्या हाती आली, त्यांनी ती ‘ऑरेंज ट्विन’ या कंपनीकडे पोहोचवली आणि २००६ मध्ये ती सर्वांसाठी उपलब्ध झाली.

जवळजवळ सर्वत्र एक गिटार आणि एक आवाज, एवढाच सरंजाम आहे. बायर आवाज कुठेही चढवत नाहीत, शब्दांवर जोर देत नाहीत, ओळ संपली की ती तशीच सोडून देतात, आणि ऐकणाऱ्याला प्रभावित करण्याची इच्छाच नसल्यामुळे प्रत्येक शब्द खरा वाटतो. इतक्या हळू गायलेला आवाज पुरेसा मोठा करताना टेपची सळसळही सोबत वाढतेच, परंतु येथे ती खटकत नाही. ती पुसून काढली असती तर त्या खोलीचा भासही तिच्याबरोबर गेला असता, असे मला वाटते. फोनच्या स्पीकरवर मात्र गिटारच्या खालच्या तारा हरवतात, त्यामुळे हेडफोन लावूनच ऐकावे.

सलग चौदा गाणी ऐकताना मधल्या काही गाण्यांची लय एकसारखी वाटू लागते, म्हणून तीन-चार गाणी एका वेळी ऐकणे उत्तम. शेवटच्या ‘गिव्ह मी अ स्माइल’ला तंतुवाद्यांची साथ आहे. ती सुरेल असली तरी त्या आवाजाला तिची गरज नव्हती, आणि ते एक गाणे मी बहुधा वगळतो.