पंधरा वॅटचा जुना व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर: खरेदी, दुरुस्ती आणि विक्री

जवळजवळ आठ महिने वापरून नुकताच विकलेला हा गिटार ॲम्प्लिफायर १५ वॅटचा कॉम्बो होता, म्हणजे ॲम्प्लिफायर आणि १२ इंची स्पीकर एकाच लाकडी पेटीत. प्रीॲम्पला, म्हणजे सुरुवातीच्या टप्प्याला, तीन १२एएक्स७ आणि स्पीकर चालवणाऱ्या पॉवरच्या टप्प्याला दोन ईएल८४ असे व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्या), आणि पेटीच्या तळाशी आवाजाला घुमारा देणारा स्प्रिंग रिव्हर्ब, अशी त्याची सरळ बांधणी. या जातीचा ॲम्प नवा घेण्यापेक्षा जुना घेऊन दुरुस्त करावा, असे माझे ठाम मत झाले आहे. १२एएक्स७ हा व्हॉल्व्ह १९४० च्या दशकापासून आणि ईएल८४ हा १९५३ पासून चालत आलेला आहे, आणि दोन्ही आजही नवे तयार होतात. त्यामुळे वीस वर्षांचा ॲम्पही सुट्या भागांअभावी अडून राहत नाही. जुन्या ॲम्पच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणाऱ्या मॉडेलिंग ॲम्पमधली एखादी खास चिप गेली की पुष्कळदा सगळे यंत्रच बाजूला ठेवावे लागते. इथे तशी वेळ सहसा येत नाही.

जुना ॲम्प पाहायला जाताना विक्रेत्याला आधीच सांगून ठेवावे की तो चालू करून ठेवू नका, कारण यातले कितीतरी दोष थंड ॲम्प तापत जातानाच उघडे पडतात. मी पाहिला तेव्हा व्हॉल्यूम शून्यावर असतानाही एकसारखी घुरघुर येत होती, ट्रेबलचा नॉब फिरवताना खरखर होत होती आणि वीसेक मिनिटांनी आवाज अचानक बसला. पहिल्या दोन दोषांचे मला काही वाटले नाही. तिसऱ्याने मात्र मी थबकलो, कारण व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळत आला असेल तर सगळा व्यवहारच तोट्याचा ठरतो. पण पेटीवर हलकेच थाप मारताच आवाज पूर्ववत झाला, आणि जळलेले वेटोळे थापेने बरे होत नसते; दोष कुठल्यातरी सैल जोडणीचा असणार, या हिशेबाने मी तो घेतला.

चेसिस, म्हणजे सर्किट बसवलेला धातूचा सांगाडा, बाहेर काढल्यावर, प्लग काढून बराच वेळ झाला होता तरी, वीजपुरवठा सपाट करणाऱ्या मुख्य फिल्टर कॅपॅसिटरवर मल्टिमीटरने ३१२ व्होल्ट दाखवले. हा दाब रेझिस्टरमधून उतरवून, मीटरवर शून्य दिसल्याची खात्री करूनच हात घालावा. ज्यांना याची सवय नाही त्यांनी हे काम जाणकार कारागिराकडेच सोपवावे, हे मी अगदी मनापासून सांगतो. पॉवर व्हॉल्व्हच्या सॉकेटखाली भिंग धरले तेव्हा एका पिनेभोवतीच्या कथलाच्या डागात (सोल्डरच्या जोडात) केसाएवढी काळी गोल रेघ दिसली, पिनेला बारीक बांगडी घातल्यासारखी. ॲम्प तापला की पीन तिथे सुटत होती आणि थाप बसली की पुन्हा टेकत होती. जुने कथील शोषून घेऊन दोन्ही सॉकेटना मी नव्याने डाग दिले. घुरघुर हे सुकलेल्या फिल्टर कॅपॅसिटरचे काम होते: ५० हर्ट्झच्या विजेवर ती १०० हर्ट्झची, म्हणजे दुप्पट वारंवारतेची ऐकू येते, आणि चारही कॅपॅसिटर बदलताच ती थांबली. ट्रेबलची खरखर मात्र कॉन्टॅक्ट क्लीनर दोनदा मारूनही जाईना. शेवटी मीटर लावला तेव्हा नॉबवर डीसी व्होल्टेज आढळले; त्याच्याकडे येणारा, डीसी अडवणारा छोटा कॅपॅसिटर ती गळू देत होता. तो बदलला आणि नॉब लोण्यासारखा फिरू लागला.

नवे ईएल८४ बसवल्यावर दोघांच्या सामाईक १३० ओहमच्या कॅथोड रेझिस्टरवर ९.१ व्होल्ट मिळाले, म्हणजे एकूण ७० मिलिअँपियर, प्रत्येकी ३५. सुमारे ३०० व्होल्टला प्रत्येक व्हॉल्व्हवरचा भार साडेदहा वॅटपर्यंत जातो आणि या व्हॉल्व्हची मर्यादा १२ वॅटची आहे, तेव्हा मी समाधानाने झाकण लावले.

आवाजाबद्दल माझी तक्रार नाही. व्हॉल्यूम तीसेक टक्क्यांवर असताना सूर स्वच्छ येतो, आणि अर्ध्यापुढे नेल्यावर तार जोरात छेडली की कडा फाटतात, हळू छेडली की तोच सूर पुन्हा निवळतो. बोटांना मिळणारे हे उत्तर मला फार प्रिय आहे. पंधरा वॅट कमी पडतील असे पुष्कळांना वाटते, पण ३० वॅटचा ॲम्प यापेक्षा केवळ ३ डेसिबलनेच, म्हणजे कानाला थोडासाच, मोठा असतो. रिव्हर्ब गोड आहे, फक्त पुढे नेला की थोडा ठणठणतो. खरी उणीव रचनेतली आहे: सॉकेट थेट सर्किट बोर्डावर बसवले आहेत आणि व्हॉल्व्ह खाली डोके करून लोंबतात, त्यामुळे सगळी उष्णता वर, बोर्डाकडेच जाते. सॉकेट चेसिसला पक्के करून तारेने जोडले असते तर ती बांगडी कदाचित पडलीच नसती.

सुट्या भागांवर खरेदीच्या रकमेच्या साधारण चौथ्या हिश्शाएवढा खर्च आला. तो भरून निघून थोडा नफाही झाला, पण माझे तास त्यात धरले तर काही उरत नाही. स्पीकर मी बदलला नाही, कारण चांगल्या स्पीकरची किंमत पुनर्विक्रीत क्वचितच परत मिळते. घेणाऱ्याला सगळे दोष आणि केलेली कामे लिहून दिली, काढलेले कॅपॅसिटर आणि जुने व्हॉल्व्ह पिशवीत घालून सोबत दिले, आणि स्पीकरची वायर काढलेली असताना ॲम्प कधीही चालू करू नका, एवढे दोनदा बजावले. त्यांनी स्वतःच्या गिटारवर थंड ॲम्पपासून सुरुवात करून पाऊण तास वाजवले. विसाव्या मिनिटाला माझे लक्ष घड्याळाकडे होते. आवाज जसा होता तसाच राहिला.