जीएम नको असेल तर कोणतं तेल घ्यावं? सोयाबीन, सरकी की घाण्याचं शेंगतेल

जीएम, म्हणजे जनुकांत बदल केलेलं पीक, टाळायचं ठरवलं असेल, तर बिस्किटं-कॉर्नफ्लेक्सच्या आधी तेलाची पिशवी बघा. भारतात व्यापारी लागवडीत असलेलं जीएम पीक एकच, बीटी कापूस (बोंडअळीला मारक ठरणारं जिवाणूचं जनुक घातलेला), तोही २००२ पासून. बीटी वांग्याला २०१० मध्ये स्थगिती मिळाली. त्यामुळे सांगलीच्या मंडईतल्या भाजीची धास्ती घेण्याचं कारण नाही.

सरकीच्या तेलाबाबत शंकेला जागाच नाही. देशातला नव्वद टक्क्यांहून जास्त कापूस बीटी आहे, म्हणजे सरकीही बीटीचीच. तत्त्व म्हणून जीएम नको असेल, तर हे तेल सोडून द्या.

सोयाबीनचा गुंता मोठा आहे. वाळवा, पलूस, कराडकडे पिकतं ते सोयाबीन जीएम नाही. पण देशाची गरज त्यावर भागत नाही. अर्जेंटिना-ब्राझीलहून तेल येतं आणि तिथलं जवळजवळ सगळं सोयाबीन जीएम आहे. पिशवीत कुठलं आहे, हे गिऱ्हाइकाला कळतच नाही. जीएम अन्नाच्या वेष्टनावर वरच्या बाजूला 'जीएम' छापायचा नियम १ जानेवारी २०१३ ला लागू झाला. मला तरी तेलाच्या पिशवीवर ती अक्षरं कधी दिसली नाहीत. माझा खरा राग इथे आहे. पैसे मोजणाऱ्याला माहिती मिळालीच पाहिजे.

आरोग्याची भीती मात्र वेगळी ठेवा. रिफाइंड तेलात प्रथिनं आणि डीएनए जवळपास उरत नाहीत, त्यामुळे जीएम सोयाबीनचं आणि साध्या सोयाबीनचं तेल खाण्यात सारखंच ठरतं. तुमचा विरोध तणनाशकांच्या फवाऱ्याला किंवा बियाणं कंपन्यांच्या हाती जाण्याला असेल, तर रिफायनिंगने तो मिटत नाही, आणि तो विरोध मला पटतो.

घाण्याचं शेंगतेल इथे सरळ जिंकतं, कारण जीएम भुईमूग बाजारातच नाही. म्हणूनच शेंगतेलावर 'जीएममुक्त' लिहून कुणी जादा पैसे मागितले, तर देऊ नका. तसंही हे तेल रिफाइंड सोयाबीनपेक्षा बरंच महाग पडतं. आणखी एक जपायचं: बुरशी लागलेल्या दाण्यात अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं आणि घाण्याच्या तेलात ते उतरू शकतं. दाणे निवडून घेणारा घाणेवाला शोधा, समोर दाणे बघा, कुबट वास आला तर परत फिरा. माझ्या मते जीएमपेक्षा ही काळजी जास्त तातडीची आहे.

खिसा बघून सांगायचं तर फोडणीला शेंगतेल, तळणाला सूर्यफूल. सूर्यफुलातही जीएम वाण बाजारात नाही. मिश्र तेलाच्या पिशव्या टाळा, त्यात सरकी किंवा सोयाबीन असू शकतं. सोयाबीनच हवं असेल, तर 'इंडिया ऑरगॅनिक'चं चिन्ह बघून घ्या. त्या सेंद्रिय प्रमाणपत्रात जीएम बियाण्याला मनाई आहे.