बॅटमॅननं जीव घेतलाय की नाही? मटण-भाकरीच्या पैजेपायी घेतलेलं पुस्तक

प्रॉडक्ट: बॅटमॅन: द गोल्डन एज, व्हॉल्यूम वन. पेपरबॅक, इंग्रजी. माझे ५ पैकी ४ स्टार, एक का कापला ते खाली येईलच.

झालं असं की सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर भाच्यासोबत फिरत होतो, धाकटीसाठी बॅटमॅनचा मास्क घेतला आणि तिथनंच विषय निघाला. अकरावीतलं पोरगं मला म्हणतंय, "मामा, बॅटमॅन कधीच कुणाला मारत नाय, त्याचा रूलच हाय तो." मी म्हणलं अरे १९८९ च्या पिक्चरमध्ये बॅटमॅन झालेला मायकल कीटन केमिकल फॅक्टरीच उडवून देतो की माणसांसकट. तर म्हणे पिक्चर धरायचे नाहीत, कॉमिक्समधलं दाखवा. मग काय, हरेल त्यानं मटण-भाकरी खिलवायची असं ठरलं. नवी पेठेत दोन-तीन दुकानांत विचारलं, एका ठिकाणी मला बॅटमॅनची कंपासपेटी दाखवली 😄 शेवटी ऑनलाइन मागवलं. हजाराच्या वर गेलं, म्हणजे पैज जिंकली तरी मी तोट्यातच हे बायकोनं लगेच सांगितलं.

यात काय आहे तर बॅटमॅनचे एकदम पहिलेवहिले अंक, ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं. डिटेक्टिव्ह कॉमिक्स या मासिकाच्या २७ नंबरच्या अंकापासून, म्हणजे मे १९३९ पासून सुरुवात, आणि बॅटमॅनच्या स्वतःच्या नावाचे पहिले तीन अंकही यातच. मला पहिल्याच गोष्टीत पैज जिंकता आली! सहा पानांची गोष्ट, केमिकल कंपनीतले पार्टनर एकेक करून मरतायत, त्यामागं स्ट्रायकर नावाचा पार्टनरच असतो. बॅटमॅन त्याला एक ठोसा हाणतो, कठडा मोडतो आणि गडी थेट ॲसिडच्या टाकीत. बरं त्यावर आपला हिरो हळहळतो का, तर नाही, असल्यांचा असाच शेवट व्हायला पाहिजे अशा अर्थाचं बोलून मोकळा. मी लगेच फोटो काढून भाच्याला पाठवला. त्याचं उत्तर, "तो स्वतः पडला मामा, ॲक्सिडेंट हाय."

बरं, मग पुढं वाचा. ३० नंबरच्या अंकात मिखाइल नावाचा एक दांडगा माणूस आहे, त्याला बॅटमॅन अशी लाथ घालतो की मान मोडते, आणि मान मोडल्याचा आवाज आला हेसुद्धा चौकटीत लिहिलंय, म्हणजे शंकाच नको. ३२ नंबरला तर चांदीचा पुतळा वितळवून गोळ्या करतो आणि शवपेटीत झोपलेल्या दोन व्हॅम्पायरना पिस्तुलानं उडवतो. हो, बॅटमॅनच्या हातात पिस्तूल! भाच्याचं यावर म्हणणं की व्हॅम्पायर आधीच मेलेले असतात, ते मोजायचे नाहीत. चला, सोडले ते दोन.

पण १९४० च्या वसंतातला बॅटमॅनचा पहिला अंक आला की पळवाटच संपते. ह्यूगो स्ट्रेंज नावाचा दुष्ट शास्त्रज्ञ वेड्यांच्या इस्पितळातल्या लोकांना औषध टोचून राक्षस बनवतो, आणि बॅटमॅन विमानातनं मशीनगन चालवून ट्रकवाल्याला मारतो, वर एका राक्षसाला विमानाच्या दोरीनं फास लावून उचलतो. जीव घेणं आवडत नाही पण आता इलाज नाही, असं तो स्वतःच म्हणतो. आणि गंमत बघा, याच अंकात जोकर पहिल्यांदा येतो, तो शेवटी मरणार होता पण व्हिटनी एल्सवर्थ या एडिटरनं तो जिवंत आहे असं एक चित्र शेवटी घालायला लावलं. म्हणजे एकाच अंकात हिरो माणसं मारतोय आणि व्हिलनला ऑफिसातनं जीवदान 😂

त्यानंतर याच एल्सवर्थनं सांगितलं की बॅटमॅननं मारायचं नाही, बंदूक धरायची नाही. म्हणजे ज्याला आपण त्याचं तत्त्व म्हणतो ते गुहेत बसून विचार करून आलेलं नाही, साहेबाच्या टेबलावरनं आलंय. यामुळं माझा बॅटमॅनवरचा जीव कमी झाला नाही हां, उलट हे वाचताना मजा आली, कारण एप्रिल १९४० ला रॉबिन, म्हणजे त्याचा पोरसवदा जोडीदार, येतो आणि त्याच्यापुढं तो जरा माणसात आल्यासारखा वागायला लागतो. घरात पोरगं आलं की आपणपण शिव्या कमी करतोच की.

माझ्या लहानपणी रद्दीवाल्याकडं मराठी इंद्रजाल कॉमिक्स मिळायची, त्यातला वेताळ (इंग्रजीतला फँटम) कमरेला दोन पिस्तुलं लावायचा पण सहसा समोरच्याच्या हातातलं पिस्तूलच उडवायचा, आणि ठोसा हाणला की अंगठीनं जबड्यावर कवटीचा ठसा. तेव्हा वाटायचं हिरो म्हणजे असाच. नंतर स्टेशनवर हिंदी कॉमिक्समधला डोगा नावाचा हिरो मिळाला, तो काय कुणाला सोडत नव्हता, आईला कळलं असतं तर मला सोडलं नसतं.

आता पुस्तकाबद्दल. चित्रं आजच्या मानानं साधी, हातपाय कधीकधी लाकडी वाटतात, पण रात्रीचे देखावे आणि ती मोठ्या कानांची सावली लई भारी. मजकूर सगळा बारीक कॅपिटल अक्षरांत, चाळिशीचा चष्मा लागतोच. पुस्तक जाड आणि मधे नीट उघडत नाही, मधल्या फुग्यातलं वाचायला पान दाबून धरावं लागतं. विकणाऱ्यानं नुसत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत पाठवलेलं, एक कोपरा दुमडून आला, तक्रार केली तर पन्नास रुपये परत देतो म्हणाले. पन्नास रुपयात कोपरा सरळ होतो का?

पण स्टार त्यासाठी नाही कापला. "आपण हत्यारानं कधीच जीव घेत नाही" असं बॅटमॅन रॉबिनला बजावतो ते बॅटमॅनच्या चौथ्या अंकात, आणि हे पुस्तक संपतं तिसऱ्यावर! सगळं रक्त या भागात, शपथ पुढच्या भागात. भाचा तेच धरून बसलाय, म्हणतो शपथ घेण्याआधीचं कसं धरता मामा, आधी नियमच नव्हता तर मोडला कसा. मी म्हणलं बाबा, पैज नियम मोडला का अशी नव्हती, जीव घेतला का अशी होती.

शेवटी मान मोडलेल्या पानावर गप्प झाला. मटण-भाकरी मात्र मीच खिलवली, अकरावीतल्या पोराकडं पैसे कुठनं असणार. दुसरा भाग मागवलाय, यावेळी दुसऱ्या सेलरकडनं.