सुईदोऱ्याने शिवलेला अंबाडा – आठ महिने वापरून

पाडव्याच्या शोभायात्रेला नऊवारीवर खोपा घातला होता, मोजून २६ आकडे लावलेले, आणि ठाण्यातल्या कौपिनेश्वर मंदिरापासून राम मारुती रोडला पोचेस्तोवर खोपा मानेवर आणि निम्मे आकडे रस्त्यात. त्या दिवशी ठरवलं की आकडे बास.

बहिणीने जॅनेट स्टीफन्सबद्दल सांगितलं. ही बाल्टिमोरची हेअरड्रेसर, प्रोफेसर वगैरे काही नाही. तिथल्या म्युझियममध्ये रोमन सम्राज्ञी ज्युलिया डोम्नाचा पुतळा बघितला आणि तशी केशरचना घरी करायला गेली, तर आकड्यांनी बसेचना. लॅटिनमध्ये 'आकुस' म्हणजे आकडा पण आणि सुई पण, अभ्यासक आपले आकडाच धरून बसलेले. २००८ मध्ये तिने रोमन पुरातत्त्वाच्या जर्नलमध्ये लेख लिहून दाखवलं की या वेण्या चक्क शिवलेल्या असायच्या. मला तर हसूच आलं, शिवण येणाऱ्या बाईला जे लगेच कळलं असतं ते कळायला इतकी वर्षं!

सामान म्हणजे लोकरीची बोथट सुई आणि जाड दोरा, बास. वेणी घालून गुंडाळायची, दोरा आधी वेणीच्या मुळाशी गाठवायचा, मग वेणीच्या कडेतून खालच्या केसांत आणि परत वर, असे मोठे मोठे धावदोऱ्याचे टाके. डोक्याच्या कातडीला सुई लागत नाही, तसंही बोथट असते. पहिले पंधरा दिवस हात मागे धरून खांदे भरून यायचे, सासूबाई म्हणाल्या, "अगं, अंबाडा घालतेस की गोधडी शिवतेस?" आता त्याच मागचे टाके घालून देतात, माझ्यापेक्षा सरळ येतात त्यांचे.

टिकण्याबाबत शंभर मार्क. ठाणे-ऐरोली ट्रेनमध्ये लेडीज डब्यात रोज डोकं कुणाच्या तरी बॅगेखाली, तरी संध्याकाळी अंबाडा सकाळी होता तिथेच. डोकं दुखायचं तेही थांबलं, कारण आकडे टोचायचे आणि मी ते अजून घट्ट खोचायची. दोन वेण्या डोक्याभोवती फिरवून क्राउन घालते तोही शिवूनच, पावसाळाभर टिकला.

आता तक्रारी. न्हाल्याच्या दिवशी अजिबात करू नका, केस सुळसुळीत असतात, टाका धरतच नाही. दुसऱ्या दिवशी थोडं तेल लावून मस्त बसतो. आणि काळ्या केसांवर काळा दोरा कधीच नको!! जून महिन्यात सोडताना दोरा समजून स्वतःची बट कापली, अजून कानामागे खुंट उभे आहेत. आता गडद मरून वापरते, बाहेरून दिसत नाही पण उजेडात ओळखू येतो, आणि शेवटचं टोक लांब ठेवते म्हणजे कात्री फक्त गाठीला लागते.

माझे केस खांद्याच्या जरा खाली, त्यामुळे मोठ्या खोप्याला गंगावन लागतंच. जांभळी नाक्याजवळून नायलॉनचं घेतलं होतं, दोन महिन्यांत त्याचा काथ्या झाला आणि उन्हात बाहुलीच्या केसांसारखं चमकतं. त्यापेक्षा कमी केसांत लहान अंबाडा शिवून भोवती गजरा फिरवलेला चांगला, गजराही दोन टाक्यांत बसतो.

सकाळी २० मिनिटं हाताशी नसतील तर नादी लागू नका, सोमवारी मी पण क्लचरच लावते.